बत्तीशी

४ मार्च

रक्त दिलं. म्हणजे दिलं नाही!

आमच्या प्रयोगशाळेचा नियम असा, की नव्या माणसानं आधी स्वतःच्या रक्तावर शिकायचं. पेशंटच्या नळीला हात लावायचा नाही. नियम चिमट्याचा. चिमटा म्हणजे आमचे सर. सगळं चिमट्यानं उचलतो, बोलतोही चिमटे काढतच. हे नाव मी ठेवलेलं नाही, मी यायच्या आधीपासून आहे. तोंडावर सर, पाठ वळली की चिमटा. "लोकांचं रक्त नासवू नका. स्वतःचं नासवा." हे त्याचं स्वागत!

आणि मला सुई चालत नाही. हे इथे कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. नोकरी रक्त तपासायची आणि सुई दिसली की डोळ्यांपुढे अंधारी — हसून हसून लोळतील सगळे. खालच्या मजल्यावर रक्त घेणाऱ्या बाई आहेत, सुईमावशी म्हणतात त्यांना. त्यांच्यासमोर बसले, बाही वर केली, आणि भिंत हलायला लागली. तेवढ्यात ताई आली. माझं घरी विसरलेलं ओळखपत्र द्यायला. आली ती दारातच अडखळली, नेहमीसारखी. माझं तोंड बघून फिदीफिदी हसली. "ऊठ, घाबरट. घ्या हो मावशी माझंच. रक्त काय, एकच आहे आमचं!" मावशीही हसल्या. नळीवर माझं नाव आधीच चिकटवलेलं होतं. ते तसंच राहिलं.

जाताना म्हणते कशी, "हे आता जन्मभर ऐकवणार मी तुला." ऐकवेलच. सहा वर्षांनी मोठी आहे, पण तोरा साठ वर्षांचा. डोक्यात जाते.

७ मार्च

आज चिमट्यानं शिकवलं. म्हणजे ओरडला.

मास स्पेक म्हणजे काटा. रेणूंचं वजन करणारा काटा, बाकी काही नाही. रेणूला विजेचा भार द्यायचा, आतल्या निर्वात नळीत सोडायचं, तो किती वेगानं जातो त्यावरून वजन. पडद्यावर एक टोक उभं राहतं. त्याला पीक म्हणतात. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "मग यंदा पीक कसं?" ताईला एवढं पुरे होतं. रोज दार उघडताना विचारते, पाऊसपाणी बरं आहे ना, पीक काय म्हणतंय. एकदा ठीक आहे. रोज?

आमचं काम एकाच प्रथिनाचं. ट्रान्सथायरेटिन. यकृतात तयार होतं, रक्तात फिरतं. काही घराण्यांत त्याची एक कडी चुकीची असते. मग ते हळूहळू ढासळतं आणि त्याचा गाळ नसांत, हृदयात साचत जातो. माणूस खंगतो आणि वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही कशानं. लवकर कळलं तर आता औषध आहे, थोपवता येतं. उशीर झाला तर हात चोळत बसायचं. म्हणून हॉस्पिटल नळ्या पाठवतं आणि आम्ही वजन करतो. चांगल्याचं वजन तेरा हजार सातशे एकसष्ट. एकच पीक. चुकीचं असलं तर शेजारी दुसरं उभं राहतं.

मला काय करायचंय? स्वतःच्या रक्तातून ते एकच प्रथिन ओढून काढायचं, यंत्रात घालायचं आणि लागोपाठ तीनदा स्वच्छ एकच पीक दाखवायचं. मग चिमटा सही करणार. मुदत ३१ मे. नाही जमलं तर नारळ. शाळेतली नोकरी सोडून आलेय मी इथे, तिथली जागा भरलीसुद्धा. जमलंच पाहिजे.

११ मार्च

पहिला प्रयोग. दोन पिकं!

एक तेरा हजार सातशे एकसष्टला, शहाण्यासारखं. दुसरं त्याच्या शेजारी, बत्तीसनं जड. उंची जवळजवळ तेवढीच. चिमटा मागून आला, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सोळा दुणे किती?"

मी हातमोजे ओढून सारखे केले.

"पाढे शिकवतात ना अजून शाळेत? तुम्हीच शिकवत होतात म्हणे. सोळा दुणे बत्तीस. ऑक्सिजनचे दोन अणू. नळी उघडी ठेवून गप्पा मारत बसलात, हवा लागली, गंज चढला. फेका ते."

मी नळी उघडी ठेवली नव्हती! एक मिनिटसुद्धा नाही. पण सगळ्यांसमोर बोलला, आणि मी उभी, कान गरम. शेजारच्या टेबलावरची मुलगी — माझ्याबरोबरच लागली, हात सुगरणीचा, स्वभाव बरा — हळूच म्हणाली, "बत्तीशी दाखवतंय गं तुझं पीक." तेव्हापासून त्या दुसऱ्या पिकाचं नाव बत्तीशी.

१७ मार्च

रविवार. घरी असणं ही शिक्षा आहे.

ताईनं कप फोडला. या महिन्यातला तिसरा, माझा निळा. हातात धरलेला कप, बोलता बोलता सोडून दिला आणि वर स्वतःच बघत राहिली, कुणी फोडला म्हणून. "बोटांना मुंग्या आल्या होत्या." मुंग्या! भांडी घासायच्या वेळी बऱ्या येतात. मी बोलले, तर आई माझ्यावरच उखडली. "जाऊ दे गं. बाबांवर गेलीय अगदी. त्यांच्याही हातात काही टिकायचं नाही."

झालं. बाबांवर गेलीय! ताईचं नाक बाबांचं, हसणं बाबांचं, ताठ मान बाबांची, आता फुटलेले कपही बाबांचे. बाबा गेले तेव्हा मी आठ वर्षांची. मी कुणावर गेलेय, असं लहानपणी विचारायचे तर आई म्हणायची, "तू आपली तूच." म्हणजे कुणावर नाही. रस्त्यावर सापडल्यासारखी. मला बाबांचं आठवतं ते एवढंच — भिंतीला हात लावून चालायचे, एकेक पाऊल. गल्लीतली माणसं म्हणायची, पितो. आई म्हणायची, नाही पीत. पण तिच्या बोलण्यात दम नसायचा.

२० मार्च

आता म्हणे मिथेनॉल. यंत्राची आतली नळी धुताना ते वापरतात, ते नीट निघालं नाही, त्याचंही वजन बत्तीसच. या माणसाला काहीही सुचलं तरी त्याचं वजन बत्तीस भरतं!

धुतली नळी. तीनदा. मग त्यानं सांगितलं म्हणून चौथ्यांदा. हातमोजे काढले तर बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली. बत्तीशी आहे तिथेच.

२२ मार्च

पुन्हा बत्तीस. मरू दे.

३१ मार्च

रविवारीच हिचं काहीतरी असतं. बाजारातून पिशव्या घेऊन आलो. जिन्यात मी पुढे, ताई मागे. वर आल्यावर बघते तर हिच्या एका पायात चप्पल नाही. "अगं, चप्पल कुठाय?" खाली बघितलं तिनं. खरंच बघितलं, पाय आपलाच आहे का अशा नजरेनं! चप्पल खाली फाटकापाशी पडलेली. दोन मजले एक पाय अनवाणी चढून आली, खडी, सिमेंट, सगळं तुडवत, आणि हिला पत्ता नाही. आणायला कोण गेलं? मी.

बत्तिसाव्या — नको तो आकडा! — तेहेतिसाव्या वर्षी माणसाला स्वतःच्या पायातली चप्पल सांभाळता येऊ नये? नाटकं नुसती. सगळ्यांनी आपल्याकडे बघावं म्हणून. लहानपणीही जेवताना ठसका लागायचा हिलाच.

३ एप्रिल

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

चिमट्यानं सगळ्यांना यंत्राभोवती उभं केलं. शेजारणीला म्हणाला, तुमच्या रक्ताची नळी लावा. रसायनं माझीच, मी बनवलेली. यंत्र तेच. तिनं लावली. एक पीक. सरळ, उभं, एकटं. मग मला म्हणाला, आता तुमची. माझी लावली. बत्तीशी!

"बघा. रसायनं तीच, यंत्र तेच. मग फरक कशाचा?"

त्यानंच सांगितलं. "हाताचा."

मी म्हटलं, सर, मग रक्तही वेगळं आहे ना, मी दुसरं रक्त घेऊन बघू का? खरं तर बोलताच घाबरले, दुसरं रक्त म्हणजे सुई आलीच. पण तो कुठला ऐकतोय! "रक्त बदलून काय होणार? हात बदला." मागे कुणीतरी हसलं. कोण ते बघितलं नाही मी, नाहीतर हातातली नळी फेकून मारली असती.

फ्रीजरमध्ये उणे ऐंशीला माझ्या नावाच्या बारा कुप्या होत्या. आता सहा उरल्यात. सहा कुप्या आणि आठ आठवडे.

४ एप्रिल

हात बदला म्हणे! जीभ बदल तू.

११ एप्रिल

सापडलं. सापडलं सापडलं!

बस थांब्यावर उभी होते. समोर एका इमारतीचा जिना, मधली एक पायरी तुटलेली, माणसं तिथे लांब ढांग टाकत होती. आणि माझ्या डोक्यात लख्ख — सोळा कुठाय?

ऑक्सिजनचे दोन अणू चिकटलेत म्हणतो ना? मग ते काय हातात हात घालून एकदम येणार? काही प्रथिनांना एकच चिकटेल, काहींना दोन. म्हणजे सोळावर एक पीक दिसायलाच हवं. मधली पायरी. माझ्या पंचवीस आलेखांत सोळाला काही नाही. सपाट! एकदम बत्तीस. आणि घाण असती तर कधी जास्त, कधी कमी आली असती. ही दर वेळी तेवढीच, निम्मी निम्मी. ही घाण नाहीच. हे प्रथिनच दोन जातींचं आहे.

दुपारी गेले चिमट्याकडे. सगळं सांगितलं, आलेख मांडले. त्यानं एकही उचलला नाही, चिमट्यानंसुद्धा नाही. "हाताला वळण नसलं की लोक सिद्धान्त मांडतात," म्हणाला. "आधी भांडी घासायला शिका, मग शोध लावा."

ठीक आहे. आता मी तुझ्या नाकावर टिच्चून दाखवते. खऱ्या माणसाचं खरं रक्त आहे ते, आणि बत्तीशीही खरी आहे!

१४ एप्रिल

ताईनं पाय भाजून घेतला. आंघोळीचं पाणी उकळतं, तसंच बादलीत ओतलं, त्यात पाय ठेवून ही उभी. आई वाफ बघून ओरडली म्हणून काढला. घोट्यापर्यंत लालभडक, फोड. आणि म्हणते, "मला कोमट वाटलं."

माझं डोकं आधीच फिरलेलं. चिमटा डोक्यात, कुप्या डोक्यात, त्यात दवाखान्यात हिला खांद्यावर घेऊन मी. परत आल्यावर बोलले. बोलायला नको होतं ते बोलले. "तुझ्या पायांत जीव आहे की नाही? धडपडतेस, सांडतेस, फोडतेस. उद्या लोक बाबांना म्हणायचे तेच तुलाही म्हणतील. पिते म्हणतील."

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मीच नजर वळवली. ताई काही बोलली नाही. ती गप्प बसत नाही कधी.

१५ एप्रिल

ताई बोलत नाही. बरं झालं. घरात शांतता तरी आहे.

२३ एप्रिल

लपून काम चालू आहे. जेवणाच्या सुट्टीत चिमटा अर्धा तास खाली जातो, तेवढ्यात. शेजारणीनं ट्रिप्सिन दिलं तिच्या वाटणीतलं. "सापडलीस तर मी तुला ओळखत नाही," म्हणाली, पण दिलं.

ट्रिप्सिन म्हणजे कात्री. प्रथिनाची लांब साखळी ठरलेल्या कड्यांपाशीच कापते, इकडे नाही, तिकडे नाही. मग तुकड्यांची वजनं करायची. कुठला तुकडा किती भरायला हवा ते पुस्तकात आहे. सगळे तुकडे जुळले, एक सोडून! तेरा कड्यांचा एक तुकडा. तो असायला हवा तेराशे पासष्ट. तो आहेच. आणि त्याच्या जोडीला तेराशे सत्त्याण्णव. बत्तीशी या तुकड्यात दडून बसलीय.

पळून कुठे जातेस आता? तीन कुप्या उरल्यात.

२९ एप्रिल

जिंकले!!

तो जड तुकडा यंत्राच्या आतच पकडला, फोडला आणि त्याच्या तुकड्यांचे तुकडे मोजले. एकेक कडी उलगडते यात. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. तिसरी, चौथी... आठवीपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. नववीला व्हॅलिन नावाची कडी हवी. तिथे बत्तीस जास्त. व्हॅलिनच्या जागी मेथिओनिन बसलंय! दोघांच्या वजनातला फरक बत्तीसच. आणि गंमत म्हणजे त्या मेथिओनिनवर जरासा खरा ऑक्सिजनही चढलाय, सोळाचा, जिथे चढायला हवा तिथेच. चिमट्याचा लाडका गंज! मी एकटीच हसले.

तीनदा केलं. तीनदा तेच. शेवटची कुपी तेवढी शिल्लक ठेवलीय, त्याच्यासमोर लावायला. उद्या सगळ्यांना यंत्राभोवती उभं करा म्हणावं. उद्या विचारते, फरक कशाचा?

उत्तर पाठ केलंय. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं.

३० एप्रिल

लिहिता येत नाहीये नीट. पण लिहिते.

सकाळी गेले आणि कागद त्याच्या टेबलावर आपटले. म्हटलं, नववी कडी बघा. त्यानं बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. बोट ठेवून एकेक आकडा वाचला, ओठ हलत होते. मी उभी, पाठ केलेलं उत्तर जिभेवर. शेजारीण काम थांबवून बघत होती. मला वाटलं, आता माफी मागेल.

तो उठला. स्वतःची खुर्ची ओढून माझ्यापुढे ठेवली. त्या खुर्चीला कुणी टेकलेलंही चालत नाही त्याला. "बस."

"उभी बरी आहे मी."

"बस गं."

गं! दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी बसले. मग अगदी हळू विचारलं, "वडील आहेत?"

"नाहीत."

"कशानं गेले?"

"माहीत नाही. चालता येत नव्हतं शेवटी."

"तुला काही त्रास? पायांना मुंग्या, बधिरपणा? गरम-गार कळतं ना? हातातून वस्तू पडतात का?"

कागदावर वर माझं नाव होतं. नमुना, तारीख, माझं नाव. मी त्या नावाकडे बघत राहिले आणि एकेक आठवत गेलं. निळा कप. फाटकापाशी पडलेली चप्पल. मला कोमट वाटलं. ही यादी या रोगाच्या पुस्तकात पहिल्याच पानावर आहे! मी ती पाठ केली होती, परीक्षेला घोकतात तशी. आणि ताईला एकदाही लावून बघितली नाही. ताईसाठी माझ्याकडे फक्त शिव्या होत्या. रक्त दिलं त्या दिवशी दारात अडखळली, तेही मी इथे लिहून ठेवलंय. नेहमीसारखी, असं लिहिलंय.

सर सांगत होते, घाबरायचं नाही, लवकर कळलंय, तुझं वय काय आहे, आता औषधं आली आहेत. मला त्यांचं तोंड हलताना दिसत होतं.

म्हटलं, "सर, हे रक्त माझं नाही."

सांगितलं सगळं. सुईचं, ताईचं, नावाचं. आधी त्यांना कळेचना. मग कळलं आणि चेहरा लालबुंद. "दोन महिने! दुसऱ्याचं रक्त स्वतःच्या नावावर! उद्या पेशंटच्या नळ्यांवर नावं बदललीस तर? माणसं मरतात त्यानं, माणसं!" टेबलावर मूठ आपटली. सगळे बघत होते. या वेळी एकही शब्द खोटा नव्हता त्यांचा. मी मान खाली घालून ऐकलं.

मग ते थांबले. चिठ्ठी लिहिली, हॉस्पिटलातल्या नसांच्या डॉक्टरची. म्हणाले, आपल्या कागदावर विसंबायचं नाही, तिथे पक्की तपासणी होईल. चिठ्ठी चिमट्यानं नाही, हातानं दिली.

"आधी तिला घेऊन जा. मग तुला काढून टाकतो."

१ मे

काल सांगता आलं नाही. आज सांगितलं.

ताई पलंगावर, भाजलेला पाय उशीवर. सतरा दिवस बोललो नव्हतो. मी दारातूनच सुरुवात केली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं — यंत्र, बत्तीस, नववी कडी, रोग, औषध. मध्ये थांबले असते तर रडले असते. आई मागे येऊन उभी राहिली होती, मला कळलंच नाही.

ताई पायाकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे बाबा पीत नव्हते."

मला दुसरं काहीही सुचलं असतं, हे नसतं सुचलं. मागे आई मटकन खाली बसली. "मी सगळ्यांना सांगायचे, नाही पीत म्हणून," म्हणाली. "पण मलाच खात्री नव्हती गं. वास घ्यायचे मी त्यांच्या तोंडाचा. ते झोपलेले असताना. त्यांना कळायचं. डोळे मिटून पडून राहायचे."

इतकी वर्षं हे पोटात ठेवलं तिनं. आम्ही दोघी खाली बसलो तिच्याजवळ, ताई पाय सांभाळत. मी ताईची माफी मागितली. ती म्हणाली, "कशाकशाची मागणार आहेस? यादी कर." मग हसली. मग रडली. मग म्हणाली, "यंदा पीक आलं म्हणायचं."

नंतर आई आत गेल्यावर माझा हात धरला. "आणि तुझं काय? रक्त एकच म्हणाले होते मी."

"माझं कसलं काय! मी कुणावरच गेले नाही ना," मी म्हटलं. निम्मी शक्यता असते. तिला आकडा सांगितला नाही.

६ मे

ताईची तपासणी झाली. पंधरा दिवसांत पक्कं कळेल, पण डॉक्टर तिच्या पायांवर सुई, ब्रश, थंड चमचा लावत गेले आणि ती डोळे मिटून नाही, नाही, नाही म्हणत गेली. त्यांना फारशी शंका दिसली नाही. लवकर आलात, म्हणाले. हे लवकर?

तिथून तशीच तिला घेऊन सुईमावशींकडे गेले. खुर्चीत बसले. बाही वर केली. भिंत हललीच. ताईनं माझं डोकं पोटाशी धरलं आणि मावशींना म्हणाली, "घ्या हो, या वेळी हिचंच घ्या." नळीवर नाव मी स्वतः लिहिलं. दोनदा वाचलं. सुई शिरली तेव्हा ओरडले मी, चांगली मोठ्यानं. खालचा मजला जमा झाला. हसू देत.

८ मे

सरांनी काढून टाकलेलं नाही अजून. सहीही नाही. विचारायची हिंमत नाही.

आज म्हणाले, उद्या तू यंत्राला हात लावायचा नाहीस. मी लावणार. मी विचारलं, नळी धुऊ का? म्हणाले, "मी धुतलीय." पलीकडून शेजारणीनं हातानं खुणावलं, चारदा.

देवा, घाण निघू दे. मिथेनॉल, गंज, काहीही. माझ्या हाताचा दोष निघू दे.

९ मे

एकसष्ट. आणि बत्तीशी.

हात सरांचे होते. मी खुर्चीत बसून होते. सोळाला काही नव्हतं.

घरी आले. दार ताईनंच उघडलं, पीक कसं म्हणून विचारलं नाही. मीच सांगितलं. मीही बाबांवर गेलेय.